बॉनेटाची मीमांसा

ज्याची तीस वर्षे इंग्रजी कविता शिकविण्यात गेली, त्यास मोटारीच्या बॉनेटविषयी मत विचारावे असे कोणाही शहाण्या माणसाच्या मनात येणार नाही. आमच्या भाच्याच्या मनात ते आले. मोटारीविषयी आमचे ज्ञान म्हणाल तर ती सुरू होईनाशी झाली म्हणजे कोणास बोलवावे, येथवरच पोचलेले आहे. परंतु भाच्यास आमच्याकडून यंत्राचे ज्ञान नको होते. त्यास एका वाक्याचा अर्थ लावून हवा होता. “मामा, हा शब्द किती ताणता येईल तेवढंच सांगा,” असे म्हणून त्याने नियमांचे चोपडे आमच्यापुढे ठेवले. शब्द ताणण्याच्या कामी आपल्यावाचून कोणाचे तरी अडले आहे, ही जाणीव आमच्या वयाच्या प्राध्यापकास किती सुखविते हे वाचकांस सांगावयास नकोच. आम्ही चष्मा पुसला आणि चोपडे उघडले.

त्या सुट्टीत आम्ही धाकट्या बहिणीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. भाचा तेथे आठवड्याचे पाच दिवस संगणकापुढे बसून काम करतो, आणि उरलेले दोन दिवस तीन मित्रांसह घराशेजारच्या गॅरेजात तेलाने हात काळे करतो. ही मंडळी एका शर्यतीसाठी मोटार बांधीत होती. मोटार बांधणे म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे जे वैभव उभे राहील, त्याच्याशी या शर्यतीचा काही संबंध नाही. फ्रान्समध्ये ल माँ या गावी १९२३ पासून चोवीस तासांची एक प्रख्यात शर्यत होत आली आहे. तिच्या नावावर कोटी करून अमेरिकेतल्या या शर्यतीने ‘ट्वेंटीफोर अवर्स ऑफ लेमन्स’ असे नाव धारण केले आहे. लेमन म्हणजे लिंबू. पण अमेरिकन बोलीत ज्या मोटारीने धन्यास रडविले तीही लेमनच. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर जो निबंध लिहिला, आणि ज्या विचाराबद्दल पुढे २००१ मध्ये त्यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, त्या निबंधाच्या मथळ्यातही हेच लिंबू आहे. जे लॅम नामक एका गृहस्थाने २००६ साली कॅलिफोर्नियातील ऑल्टामाँट येथे ही शर्यत सुरू केली. तिची मुख्य अट एकच : मोटारीवर पाचशे डॉलरांहून अधिक खर्च होता कामा नये.

या एका अटीने सगळी गंमत झाली आहे. श्रीमंताने पैशाच्या बळावर जिंकू नये, हा तिचा उघड उद्देश. परंतु पैशाचा मार्ग बंद झाला की मनुष्य बुद्धीच्या मार्गाने निघतो, आणि बुद्धीच्या मार्गावर जकातनाके बसविणे फार कठीण. म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी प्रत्येक मोटारीची तपासणी होते. परीक्षक काळे झगे आणि न्यायाधीशांचे पांढरे टोप घालून बसतात. त्यांना उघड उघड लाच देण्याची चाल आहे, आणि ते ती उघड उघड घेतात. मोटार पाचशे डॉलरांची नाही असे त्यांस वाटले तर जादा वाटणाऱ्या दर दहा डॉलरांस एक फेरी याप्रमाणे दंड होतो. म्हणजे शर्यत सुरू होण्यापूर्वीच तितक्या फेऱ्या तुमच्या नावावर उणे पडतात. सर्वांत मोठे पारितोषिकही सर्वांत वेगवान मोटारीस नसते. अगदी भिकार मोटारीकडून ज्याने सर्वांत अधिक काम करून घेतले, त्याचे ते असते.

मोटारीच्या बॉडीच्या बाबतीत तर येथील मंडळींच्या कल्पनेस कोणताच बांध नाही. कोणी सेस्ना विमानाचे धड टोयोटा व्हॅनच्या सांगाड्यावर चढवून ते शर्यतीत पळविले आहे. कोणी एका मोटारीवर दुसरीची बॉडी उलटी बसवून, चाके आकाशाकडे केलेली मोटार धावते आहे असा देखावा केला आहे. असल्या वेडेपणास परीक्षकांची हरकत नसते. उलट ते त्याचे कौतुक करतात. त्यांचा प्रश्न एवढाच असतो : याला पैसे किती पडले, आणि ते कोणत्या खाती मांडलेत?

या ‘कोणत्या खाती’मध्येच आमच्या भाच्याचे घोडे अडले होते. हिशेब असा होता. मोटार त्यांनी साडेचारशे डॉलरांस घेतली. मागची बाके, गालिचा आणि रेडिओ विकून एकशे दहा डॉलर परत मिळविले. असे भाग विकून आलेला पैसा खर्चातून वजा करता येतो. उरले तीनशे चाळीस. जुना रेडिएटर नव्वद डॉलरांस आणून बसविला. झाले चारशे तीस. येथवर सारे सुरळीत होते. मग त्यांनी एकशे ऐंशी डॉलरांस फायबरचे एक वापरलेले बॉनेट आणले. ते धरता हिशेब सहाशे दहावर जातो, म्हणजे मर्यादेच्या वर एकशे दहा डॉलर, आणि दंड अकरा फेऱ्यांचा. पण नियमावलीत एक सवलत आहे. मनुष्याचा जीव पाचशे डॉलरांत बसवू नये, या शहाणपणाच्या विचाराने चालकाभोवतीचा पोलादी पिंजरा, पट्टे, ब्रेक, चाके आणि टायर अशा सुरक्षिततेच्या गोष्टींवरचा खर्च हिशेबात धरीत नाहीत. जुन्या बॉनेटाची कडी झिजली होती. एकदा रस्त्यावर वेगात असताना ते एकाएकी उघडून समोरच्या काचेवर आपटले होते आणि भाच्याचा मित्र थोडक्यात बचावला होता. तेव्हा नवे बॉनेट हा बॉडीतला फेरफार मानावा, की सुरक्षिततेचे साधन?

आता कबूल करावयास हरकत नाही की प्रश्न ऐकताच त्याचे कोणते उत्तर हवे आहे हे आम्ही ओळखले, आणि मग त्या उत्तरापर्यंत जाणारी वाट शोधू लागलो. अशा वाटा आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्या घरात आम्ही वाढलो तेथे एकादशीस धान्य वर्ज्य होते. या एका वाक्याचा अक्षरशः अर्थ लावून आमच्या आज्यांनी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी आणि वर हिरवी मिरची असा बेत सिद्ध केला. ज्या कंदापासून हा साबुदाणा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले असून गेल्या चार-पाचशे वर्षांत समुद्रापलीकडून आपल्याकडे आले. निषेधाच्या यादीत त्यांचे नाव असण्याचा संभवच नव्हता, आणि ज्याचे नाव निषेधात नाही ते चालते, असा निर्णय होऊन एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण जन्मास आली. ज्यांच्या रक्तात हा निर्णय आहे, त्यांस एक बॉनेट जड का व्हावे?

आम्ही रात्री बसून एक टिपण तयार केले. त्यात प्रथम कावळा आणि दही यांचा जुना दृष्टान्त घातला. कावळ्यांपासून दही राखावयास मुलास सांगितले, आणि कुत्रा येऊन दही खाऊ लागला, तर ‘मला कावळ्यांचेच सांगितले होते’ असे म्हणून मुलगा स्वस्थ बसत नाही. कावळा हे केवळ उपलक्षण, दही राखणे हे तात्पर्य. तद्वत नियमात पिंजरा, पट्टे आणि ब्रेक यांची नावे असली तरी तीही उपलक्षणेच. चालकाचा जीव राखणे हे तात्पर्य, आणि काचेवर आपटणाऱ्या बॉनेटापासून जीव राखणारे नवे बॉनेट त्यात येते. राहता राहिली एक अडचण : नवे बॉनेट जुन्याच्या निम्म्याहूनही हलके होते, आणि त्यास पाडलेल्या खिडक्यांमुळे इंजिनास वाराही अधिक मिळत होता. म्हणजे मोटारीचा वेग वाढणार. यावर आम्ही आपस्तंबाचे आंब्याचे झाड पुढे केले. आंबा लावतात तो फळासाठी. सावली आणि सुगंध मागोमाग आपोआप येतात. सावलीसाठी झाड लावले असा आरोप त्यामुळे कोणी करीत नाही. सुरक्षितता हे फळ. वेग ही सावली.

एवढ्यावर न थांबता आम्ही मोटारींच्या शर्यतींच्या इतिहासातून पूर्वीचे दाखलेही काढले. १९५४ च्या जुलैत फ्रान्समध्ये रँस येथे मर्सिडीजने जी मोटार आणली, तिची चारही चाके बॉडीच्या आत झाकलेली होती. त्या श्रेणीत उघड्या चाकांच्या मोटारी पळविण्याचा प्रघात होता. परंतु चाके उघडीच असली पाहिजेत असे नियमात लिहिलेले नव्हते. फँजिओ पहिला आला आणि त्याच कंपनीचा क्लिंग दुसरा. दुसरा दाखला १९७८ चा. मोटारीवरील वाऱ्याचा दाब साधण्यासाठी हलते उपकरण लावू नये, असा नियम असता ब्रॅबहम संघाचा रचनाकार गॉर्डन मरे याने मोटारीच्या मागे एक मोठा पंखा बसविला. हा पंखा मोटारीखालची हवा ओढून घेई आणि त्यामुळे मोटार रस्त्यास चिकटून राही. संघाचे म्हणणे असे की पंख्याचे मुख्य कार्य रेडिएटर थंड ठेवणे हे होय. मोटार रस्त्यास चिकटते ती गोष्ट आनुषंगिक. स्वीडनमधील शर्यत निकी लाउडाने त्या मोटारीतून जिंकली. आपस्तंबाचा आंबा अँडरस्टॉर्पच्या मैदानावर फळास आलेला पाहून आम्हांस परमावधीचा आनंद झाला, आणि टिपणाचा शेवट आम्ही त्यानेच केला.

बहिणीने ते टिपण वाचले आणि ती म्हणाली, “दादा, तू वकील व्हायला हवा होतास.” आम्ही ती स्तुती समजलो. मग तिने लाच म्हणून द्यावयास चकल्यांचा डबा भरून दिला.

तपासणीच्या जागी मोटारींची रांग लागली होती. आमच्यापुढे तीन वयस्क गृहस्थांची एक मोटार होती. तिचे बॉनेट त्यांनी भंगारात टाकलेल्या कपडे धुण्याच्या यंत्राच्या पत्र्यातून ठोकून तयार केले होते. पत्रा त्यांस फुकट मिळाला होता, आणि स्वतःच्या श्रमाचे मोल या शर्यतीत धरीत नाहीत. म्हणून त्या बॉनेटाच्या खाती त्यांनी शून्य मांडले होते. पत्र्यावर हातोडीचे घाव मोजता आले असते. एका कोपऱ्यात त्या यंत्राच्या बटणाचे गोल भोक तसेच राहिले होते आणि त्यातून इंजिनाचा थोडा भाग दिसत होता. परीक्षकाने त्या भोकातून आत डोकावून पाहिले, तो मोठ्याने हसला आणि त्याने त्यांस एकाही फेरीचा दंड न करता पुढे सोडले.

मग आमची पाळी आली. भाच्याने टिपण पुढे केले. झग्यातल्या परीक्षकाने ते उभ्या उभ्या सबंध वाचले. मध्येच त्याने चकलीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, मान डोलविली, आणि आंब्याचा उतारा पुन्हा एकदा वाचला. आम्ही बाजूस उभे होतो. एखाद्या परीक्षार्थ्याच्या चेहऱ्यावर जे असते ते आमच्याही चेहऱ्यावर असावे. नंतर त्याने कागदाची घडी केली आणि दोन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न : जुने बॉनेट उघडू नये म्हणून त्यास वरून खिळी बसविता आली असती की नाही? आली असती, भाचा म्हणाला. त्यास काय पडले असते? वीसेक डॉलर. “तर मग ते वीस डॉलर मी खुशीने सुरक्षिततेच्या खाती धरले असते,” परीक्षक म्हणाला.

दुसरा प्रश्न त्याने भाच्याच्या डोळ्यांत पाहून विचारला : हेच नवे बॉनेट जुन्याहून दहा किलो जड असते, तर तू ते विकत घेतले असतेस का?

भाच्याने एकवार आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ आम्हांस तेव्हा नीट लागला नाही. मग तो म्हणाला, “नाही.”

“अकरा फेऱ्या,” परीक्षक म्हणाला, आणि त्याने आणखी एक चकली उचलली.

शर्यतीचे वर्णन लिहिण्याजोगे नाही. दोन दिवस उन्हात धूर आणि आवाज यांच्यात उभे राहून आम्ही फेऱ्या मोजल्या. भाच्याची मोटार शेवटपर्यंत धावली आणि पुष्कळ खाली राहिली. अकरा फेऱ्या काही भरून निघाल्या नाहीत. धुण्याच्या यंत्राचे बॉनेट ल्यालेली मोटार दुसऱ्या दिवशी दुपारीच बंद पडली. प्रामाणिकपणास हातोहात बक्षीस मिळाल्याची गोष्ट सांगावयास आम्हांस आवडली असती, पण तसे घडले नाही. ते तिघे वृद्ध मात्र संध्याकाळपर्यंत तिच्याशेजारी खुर्च्या टाकून बसले होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास ते भोक दाखवीत होते.

त्या दोन दिवसांत आमच्या टिपणाचा विचार आम्ही पुष्कळ केला. ते कोठे चुकले हे शोधण्यास परक्या शास्त्राकडे जावे लागले नाही. ज्या मीमांसकांच्या पंगतीस बसून आम्ही दही राखण्याचा दृष्टान्त उचलला, त्यांच्याच घरी कपिंजलांचाही एक निर्णय आहे. वसंतासाठी कपिंजल पक्षी बळी द्यावेत असे वचन आहे, आणि पक्षी अनेकवचनी सांगितले आहेत. अनेक म्हणजे किती? तीन, चार, शंभर? मीमांसक म्हणतात, तीन. तिहींनी बहुवचन पुरे होते. शब्दाचे मागणे भागले की पुढच्या पक्ष्यास मारण्याची आज्ञा उरत नाही. परीक्षकाने हे नाव कधी ऐकले नसेल, पण त्याचा पहिला प्रश्न कपिंजलांचाच होता. सुरक्षिततेचे मागणे वीस डॉलरांच्या खिळींनी भागत होते. वरचे सगळे डॉलर सुरक्षिततेच्या नावावर मारलेले जादा पक्षी होते. आणि त्याचा दुसरा प्रश्न तर आमच्याच आंब्याच्या मुळाशी घातलेला. फळ कोणते आणि सावली कोणती हे झाडाकडे पाहून ठरत नाही. फळ येणार नसते तर झाड लावले असतेस काय, हे लावणाऱ्यास विचारून ठरते.

दाखलेही आम्ही अर्धेच दिले होते. रँस येथे जिंकलेली ती झाकल्या चाकांची मोटार त्याच महिन्यात सिल्व्हरस्टोन येथे गेली. तेथे वळणे दाखविण्यासाठी पिपे ठेवलेली होती. झाकलेल्या बॉडीमुळे चालकास स्वतःची चाके कोठे आहेत ती दिसेनात. फँजिओची मोटार पिपांवर आपटून तिची नाके चेपली, तो चौथा आला, आणि पुढच्या शर्यतीस मर्सिडीजने मुकाट्याने उघड्या चाकांची बॉडी आणली. पंख्याची मोटार त्या एका विजयानंतर मागे घेण्यात आली आणि पुन्हा शर्यतीत उतरली नाही. या दोन्ही गोष्टी टिपण लिहिताना आम्हांस ठाऊक होत्या. आम्ही त्या गाळल्या.

परतीच्या वाटेवर भाचा मोटार चालवीत होता. तो रुष्ट नव्हता. उलट आमचे टिपण चौकटीत घालून गॅरेजात लावणार असे म्हणत होता. आम्ही त्यास विचारले, “खोटं सांगायचं नव्हतं हे खरं, पण माझ्याकडे का पाहिलंस?” तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, तुम्ही लिहिलं होतं म्हणून मला आदल्या रात्री ते खरं वाटलं होतं.”

हे वाक्य आम्हांस त्या अकरा फेऱ्यांहून फार जड गेले. त्याच्या मागोमाग एक दुसरी गोष्ट मनात आली, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहिणे भाग पडले.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्या महाविद्यालयात आम्ही शिकवितो तेथे शेकडा पंचाहत्तर हजेरी भरल्याखेरीज परीक्षेस बसू देत नाहीत. स्वतःच्या आजारपणामुळे वर्ग चुकल्यास, तसा दाखला आणून सूट मागता येई. अर्जांचा निर्णय करणाऱ्या समितीवर आम्ही होतो. एका विद्यार्थ्याची हजेरी थोडी उणी भरली. त्याच्या हातात रुग्णालयाचा दाखला होता, पण तो त्याच्या आईचा होता. घरात दुसरे कोणी नसल्याने तीन आठवडे तो तिच्या उशाशी होता. समितीतल्या एका सहकाऱ्याचे मन द्रवले. तेव्हा नियमातल्या ‘स्वतःच्या’ या शब्दावर बोट ठेवून आम्ही म्हणालो, शब्द स्पष्ट असता दयेस जागा नाही. आज आई, उद्या मावशी, परवा शेजारी, अशाने नियमच उरणार नाही. आमचे बोलणे नीटनेटके होते. अर्ज नामंजूर झाला. मुलगा काही बोलला नाही. दाखल्याची घडी करून त्याने तो खिशात ठेवला आणि नमस्कार करून गेला. आपण तत्त्वास धरून वागलो, या समाधानात आम्ही घरी आलो.

आता पाहावे. एकाच माणसाने दोन नियम वाचले. एकात ‘सुरक्षितता’ हा शब्द त्याने इतका ताणला की एकशे ऐंशी डॉलरांचे बॉनेट त्यात मावले. दुसऱ्यात ‘स्वतःच्या’ हा शब्द त्याने इतका आवळला की एक आजारी आई त्यात मावेना. दही राखण्याचा दृष्टान्त आम्हांस तेव्हाही पाठ होता. हजेरीचा नियम उनाडांसाठी केलेला. आजारपणाची सवलत अशासाठी की जो उनाड नाही तो त्यात सापडू नये. आईच्या उशाशी बसलेला मुलगा उनाड नव्हता, हे समितीतल्या शिपायासही दिसत होते. जेथे दृष्टान्ताची खरी जागा होती तेथे आम्ही तो काढला नाही. जेथे नव्हती तेथे काढला. दोन्ही वेळा आम्ही व्याकरणाच्या आणि तर्काच्या नावाने बोललो, आणि दोन्ही वेळा निकाल आधीच झालेला होता. बॉनेट भाच्याचे होते. अर्ज परक्याचा होता. इतकाच काय तो फरक.

नियमाचा अर्थ लावणे टाळता येत नाही. तो टाळता येतो असे म्हणणारा मनुष्य केवळ आपला अर्थ लपवीत असतो. शब्द कधी ताणावा लागतो, कधी आवळावा लागतो, आणि कोणत्या वेळी काय करावे हे सांगणारे कलम कोणत्याच चोपड्यात नसते. परंतु परीक्षकाच्या दोन प्रश्नांनी बरेच काम भागते असे आम्हांस आता वाटते. नियमाचे मागणे कशाने पुरे होते? आणि ज्याच्यासाठी हे करीत आहोत असे आपण म्हणतो ते वगळले, तरीही आपण हे केले असते काय? या दोन प्रश्नांपुढे आमचे टिपण उभे राहू शकले नाही. हजेरीचा आमचा निर्णयही उभा राहिला नसता. त्या दिवशी आईऐवजी भाच्याचे नाव कागदावर असते, तरीही ‘स्वतःच्या’ या शब्दावर आमचे बोट गेले असते काय? उत्तर भाच्याने दिले तेच आहे, आणि ते द्यावयास आम्हांस बारा वर्षे लागली.

ही हकीकत आम्ही त्याच वाटेवर भाच्यास सांगितली. तो ऐकत होता. सांगून झाल्यावर त्याने एवढेच विचारले, “त्या मुलाचं पुढे काय झालं?”

आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही कधी चौकशीच केली नव्हती.

परत आल्यावर जुन्या नोंदी काढून पाहिल्या. पुढच्या वर्षी त्याचे नाव हजेरीपटावर नाही. जो पत्ता नोंदीत होता त्यावर आम्ही पत्र घातले. ते ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आले आहे. समितीच्या चालू वर्षाच्या पहिल्या बैठकीत आम्ही त्या कलमात ‘स्वतःच्या’ या शब्दापुढे ‘अथवा निकटच्या आप्ताच्या’ हे शब्द घालण्याची सूचना मांडली. ज्या सहकाऱ्याचे मन तेव्हा द्रवले होते त्याने तिला अनुमोदन दिले. मागची आठवण काढण्याइतका तो अनुदार नाही. सूचना मान्य झाली. तेवढ्याने एका मुलाचे वर्ष परत येत नाही, हे आम्ही जाणतो. ते परत आलेले पत्र आम्ही टाकून दिलेले नाही. समितीच्या कागदांच्या फाइलीत ते अगदी वरती लावून ठेविले आहे, म्हणजे पुढचा अर्ज वाचावयास घेण्यापूर्वी ते हातात घ्यावे लागते.